धोट्याचा वाफा

नाव नातीनं ठेवलं.
म्हटलं, अगं, धोटा मिनिटाला दीडशे वेळा पळायचा,
हे सकाळी तुळशीपासून निघतं
आणि दुपारच्या चहाला मोरीपाशी पोचतं.
म्हणून तर, ती म्हणाली.
पुढच्या महिन्यात नर्सिंग शिकायला हैदराबादला गेली;
आफ्रिकेचं कासव, त्याच्या नोंदणीचा कागद
आणि दोनशे पानी वही माझ्याकडे ठेवून.

वहीत विषाची नावं लाल शाईनं.
लालच जास्त निघालं.
कण्हेर, रुई, टणटणी, सदाफुली,
दारावर चढवलेल्या मनीप्लांटवरसुद्धा फुली.
म्हणजे साखर पेठेतली आमची अख्खी बाग गुन्हेगार.

जास्वंद आणायला गेलो.
नर्सरीवाला म्हणाला, गणपतीला?
म्हटलं, कासवाला. औषध मारलंय का?
कशाचं? कधी?
पोराचं स्थळ बघताना एवढ्या चौकशा केल्या नव्हत्या.
तरी दीड महिना कोपऱ्यात वेगळी ठेवली.
जुनी पानं गळली.
नवी फुटली, ती आमची.

कारखान्यातले रंगाचे डबे फुकट मिळत होते.
पण त्याच रंगानं माझी नखं
काम सुटल्यावरही वर्षभर निळी होती.
नको म्हटलं.
कुंभार वेशीतून मातीच्या कुंड्या आणल्या,
एक रिक्षातच फुटली.

हरळी पेरावी लागली नाही.
जन्मभर उपटली, आता तिला पाणी घालतो.
नळ पाचव्या दिवशी,
म्हणून तांदूळ धुतलेलं पाणी तिचं.
कठड्यावरून मल्लिनाथ ओरडतो,
काय ओ जॉबरसाब, गवताला पाणी?
फड्या निवडुंग बिनकाट्याचा म्हणून आणला,
त्याची कुसळं चार दिवस बोटांत होती.

पाथरी अंबूबाईनं ओळखली.
विड्या वळता वळता वाफ्याकडे बघत होती.
बहात्तरला आईनं हीच रांधली,
आम्ही खाऊन जगलो, हे का मरंल?
वहीत पाथरी नव्हती.
नातीला फोटो धाडला.
दोन दिवसांनी उत्तर आलं :
चालेल. आजीला विचारत जा.

भांडण झालं ते कण्हेरीवरून.
तीस वर्षं मार्कंडेयाला तिचंच पांढरं फूल.
देवाला चालतं ते ह्याला चालत नाही?
मी कुदळ घेऊन उभा,
ती तंबाखूचं सूप मांडीवर घेऊन.
मग खाली बघतच म्हणाली,
विष तर माझ्या सुपात पण आहे.
मला पण उपटतो काय?

साच्यांनी कान नेलेत माझे.
ऐकू आलं नसेल असं तिला वाटलं.
मी तसंच वाटू दिलं.

कण्हेर आता गच्चीवर, उंच पिंपात.
वाऱ्यानं पान खाली पडलं
तर आधी ती धावते.

भिंतीकडेला तुतीची काडी लावलीय,
यंदा गुडघ्याएवढी.
वही म्हणते, हे ऐंशी वर्षं जगू शकतं.
मी एकोणसत्तर.
काडीला मी काही बोललो नाही.

चार वाजता सूप बाजूला सारून
अंबूबाई हात धुते. साबणानं.
वास घेऊन बघते. परत धुते.
चव्वेचाळीस वर्षांत माझ्या ताटाआधी
एवढा साबण कधी गेला नाही.
मग जास्वंदीचं फूल पुढे धरते.
धोटा मान काढतो,
डोळे मिटून चावतो.

आवाज येतो म्हणे, बारीक.
कसा?
ती थांबते, आठवून बघते,
आणि माझ्या चांगल्या कानाशी तोंड आणून
करून दाखवते.