अंगी लागतं ते

दार जोरात ढकल, अडतं ते.
पायऱ्या नऊ, पण आठवी तुटलीय.
हे तळघर पूर्वी कारखान्याच्या बटाट्यांचं,
थंडीत अजून त्यांचा वास येतो.
मी मझिया. गोळा फेकायचे.
किती लांब, ते विचारू नकोस,
कुताइसीत आता फक्त माझ्या खांद्याला आठवतं.

तू बेसो ना, भट्टीवरचा?
मनगटं बघू. हं.
पाव काढायचा आकडाही याहून जाड असतो.
दंड हवेत म्हणतोस, उन्हाळ्याआधी,
बातुमीच्या किनाऱ्यावर शर्ट काढायचाय.
काढ की. शर्टाला कोण अडवतंय.

आधी ही रिकामी दांडी.
वीस किलो. हसू नकोस,
हिने भल्याभल्यांचं पितळ उघडं पाडलंय.
खांद्यावर घे. टाचांना सांगून ठेव, हलायचं नाही.
आता बस,
मागे खुर्ची नाही हे माहीत असलेला माणूस
बसेल तसा.
अजून खाली. अजून.
अर्ध्यातून उठलास तर अंगचोर म्हणेन,
आणि माझा आवाज वरच्या रस्त्यापर्यंत जातो.

सोमवार, बुधवार, शुक्रवार. बस्स.
मंगळवारी आलास तर दार उघडणार नाही.
गोचाने रोज येऊन दाखवलं होतं.
अंगाशी आलं. खांद्याशी, नेमकं सांगायचं तर;
आता डाव्या हाताने केस विंचरतो.
ही वही. काय उचललं, किती वेळा, लिही.
जमलं तर पुढच्या खेपेला
एवढीशी चकती वाढव, बिस्किटाएवढी.
तिची लाज वाटू देऊ नकोस.

आरसा?
तो बघ, भिंतीकडे तोंड करून उभा. मीच शिक्षा केलीय.
पोरांशी खोटं बोलतो,
सकाळी एक, रात्री भलतंच.

आणि जेवतोस काय?
पाव. अजून?
पाव, आणि चहा.
अरे, भिंत बांधायला निघालास आणि विटाच नाहीत!
सकाळी तीन अंडी.
दुपारी लोबिओ, घट्ट राजमा, अक्रोड घातलेला;
एक वाडगा आईसाठी खा, दुसरा माझ्यासाठी.
रात्री मात्सोनी, चमचा उभा राहील असं दही.
कोंबडी, मालकाने पगार दिला तर.
डब्यातल्या पावडरीचं नंतर बघू,
डब्यावरच्या माणसाचे दंड
डब्यातून आलेले नाहीत.
आणि झोप. भट्टी पहाटे चारला पेटते, ठाऊक आहे,
म्हणून आठला आडवा हो.
इथे वाढत नाही कुणी, बेसो. इथे फक्त दमतो.
अंगी लागतं ते अंथरुणात.

*

मार्चमध्ये पोरगा तणतणत आला,
भुवयांवर पीठ तसंच.
गिरणीवाला चोर आहे म्हणे.
पन्नासाच्या पोत्यात कमी भरतो,
उचलतानाच कळतं.
भांडून काटा मागवला, पोतं चढवलं.
पन्नास. वर दोनशे ग्रॅम.
दुसरं चढवलं. पन्नास.
तिसऱ्याच्या वेळी भट्टीवरची सगळी हसत होती
आणि याला अजून कळलेलं नव्हतं.

मी काही बोलले नाही. वही उघडली.
ऑक्टोबरचं पान. मग परवाचं.
बराच वेळ तो बोट ठेवून वाचत राहिला,
आकड्यांवर पिठाचे ठसे उमटत गेले.
मग म्हणाला,
गिरणीवाल्याची माफी मागावी लागेल का?

लागेल. उद्या जा.
आज शुक्रवार आहे.
आणि वर रस्त्यावर सिमेंटचं एक पोतं पडलंय,
आठव्या पायरीचं,
दोन वर्षं कुणी खाली आणलेलं नाही.
वजन काही विचारू नकोस.
घेऊन ये.