एकलहऱ्याच्या चिमण्या

एकलहऱ्याच्या चिमण्या दिसल्या की डावीकडे वळायचं,
एवढंच ठरलेलं.

सातला दहा कमी. चिमण्या नव्हत्या.
काचेबाहेर काहीच नव्हतं,
आणि तेही जवळ येत होतं.

मागून भामरेसाहेब : पाच मिनिटांचं तर राहिलंय, दामटा.

खाली रस्ता दिसत होता अजून, एका ट्रकपुरता.
गेलोही असतो त्याच्या मागे.
पण चिमण्या दिसल्या नाहीत तरी
त्यांच्यापासून निघालेल्या तारा
असतातच.

उतरवलं. कांद्याच्या रोपात.

अर्धा वाफा आडवा.
बाई आली, हातात खुरपं :
वाट चुकला का?
नाही, म्हणालो, आणि पाकीट काढलं.

नऊला धुकं उठलं.
तारा लांब होत्या, पार गोदावरीपलीकडे.
साहेबांनी बोट करून दाखवल्या.
मी बघितल्या.
बाईने चहात गवती चहा घातला होता.