उद्या बंद

गुरुवारी रात्री बाराला नवं गाणं येणार असतं
आणि सांगली साडेदहालाच दिवे मालवते.
मी जागी. पडद्यावरचं ते गोल चक्र
फिरतंय, फिरतंय,
आणि मग येतं. तीन मिनिटं चाळीस सेकंद.
पहिल्या खेपेला मी शब्द ऐकतच नाही,
गाणारी श्वास कुठे घेते तेवढं बघते.

दिवसा मार्केट यार्डात, मगदूमांच्या पेढीवर,
हळदीची पोती, तोलाई, हमाली, पट्ट्या.
इयरफोन घेतला तेव्हा पांढरा होता.
डावा कानात असतो. उजवा लोंबता,
सौद्याचा आकडा चुकायला नको म्हणून,
तोच जास्त पिवळा झालाय.

बँडचं नाव 'उद्या बंद'.
त्यांना ऐकणारे महिन्याला चारशे बारा.
त्यातली मी एक,
आईच्या फोनवरून आणखी एक.
आई म्हणते, ही बाई रडते की भांडते?
मी म्हणते, थांब, दुसऱ्या कडव्यात कळेल.
ती थांबत नाही, कुकर लावायला जाते.

पुण्याला चारदा गेले त्यांच्यासाठी.
कार्यक्रम संपतो अकराला, स्वारगेटला एस.टी. मिळते साडेबाराची,
शिरवळच्या चहापर्यंत छातीत बास वाजत असतो,
कराडला उजाडतं.
सोमवारी नऊला मी हिशेबाला हजर,
मनगटावर आत सोडल्याचा निळा शिक्का.
मगदूम शेठ चष्मा वर करून म्हणाले,
हा कुठल्या बाजार समितीचा?

मग मीच त्यांना लिहिलं, सांगलीला या.
तिकडे ऐकणारे आहेत?
आहेत, मी लिहिलं.
किती?
या विषयात मी पहिल्यांदाच आकडा दिला नाही.

वखारभागात, पिठाच्या गिरणीच्या माडीवर
एक बंद पडलेला टायपिंगचा क्लास.
मिरजेहून तौफिक शिकलगारने अँप आणला,
लुनावर, गोधडीत गुंडाळून, दवाखान्यात न्यावा तसा.
त्याच्या घरी तंबोऱ्याचे भोपळे वाळत असतात.
ड्रमवर बोट टिचकावून म्हणाला, सैल आहे,
आणि कुणी न सांगता आवळून दिला.

जिन्याच्या दारावर मी मोठ्या अक्षरात लिहिलं:
उद्या बंद. रविवार, सात वाजता.

लोकांनी वाचलं. लोक निघून गेले.

सव्वासातला तेरा जण. दीडशेप्रमाणे एकोणीसशे पन्नास,
चहाचे एकशे चाळीस वजा.
चौदावे गिरणीवाले भूपालकाका,
वर आले ते भांडायलाच,
माझी गिरणी उद्या बंद हे कुणी ठरवलं?
केतकीने गिटार गळ्यात अडकवली तोवर ते दारात होते,
पहिलं गाणं संपलं तेव्हा खुर्चीवर,
टोपी मांडीवर.
तिकीट मी मागितलं नाही, त्यांनी दिलं नाही.

शेवटी ती म्हणाली, हे अजून कुणीच ऐकलेलं नाही,
शुक्रवारी येईल.
मी भिंतीला टेकले. तिथे अजून
टायपिंगच्या बोटांचा तक्ता होता, करंगळीला 'अ'.
दुसऱ्या कडव्याआधी ते सगळे थांबले,
चार मात्रा काहीच नाही,
आणि त्या काहीच-नाहीत खालून
काकांच्या भाच्याने चालू ठेवलेली गिरणी,
पट्टा पट, पट, पट,
नेमका त्यांच्या लयीत.
केतकी हसली, गाता गाता हसली,
तो श्वास मी बघितला.

पोस्टर काढायचं विसरले.
सोमवारी तीन बायका डबे घेऊन परत गेल्या,
काका पेढीवर येऊन तेही ऐकवून गेले,
आणि जाता जाता विचारलं, परत कधी?

शुक्रवारी, बाराला, ते आलं.
स्वच्छ आहे. सगळं जागच्या जागी आहे.
दुसऱ्या कडव्याआधीची ती जागा
मी सातदा मागे नेऊन ऐकली.
चार मात्रा. शांत.
मी पलंगाच्या लाकडावर बोटाने वाजवते,
पट, पट, पट,
हळू, आई झोपलीय.