ओळंब्यात

पाना चुकीच्या मापाचा होता, हे आधीच कबूल करते.
हसुराम सर म्हणाले होते, टॉर्क्स पंधरा.
मी ड्रॉवरमधल्या एलन-कीवर भागवायला गेले
आणि एका स्क्रूचं डोकं गुळगुळीत करून बसले.
नवा रबाळ्याहून आणला. दुकानदाराने विचारलं, कशाला?
म्हटलं, शिलाई मशीन.

मग नीट सुरुवात.
रायफल रिकामी. दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा बोट घालून.
रेलवरचं तेल स्पिरिटने पुसलं;
तेलावर ठेवलेलं घट्ट वाटतं, बसत नाही.
खालच्या रिंगा. त्यांच्या मागे अडसर,
कारण ही स्प्रिंगची एअर रायफल आधी मागे हिसडते, मग पुढे,
आणि दर छर्‍यागणिक स्कोप केसभर सरकतो.

डोळे मिटून गाल लाकडाला लावायचा.
मान आपसूक थांबेल तिथे डोळे उघडायचे.
काळी कोर दिसली. अर्धं बोट पुढे.
पुन्हा मिटले. पुन्हा कोर, आता दुसऱ्या बाजूला.
गोल पूर्ण भरेपर्यंत हेच.
त्याने माझ्याकडे यायचं, मी मान ताणायची नाही.

राहिली उभी रेघ.
मोबाईल ठेवला, तो म्हणाला शून्य.
उचलून परत ठेवला, म्हणाला दोन.

तात्या दारात.
बंदूक घरात आल्यापासून या खोलीत पाऊल न टाकलेले,
तिप्पण्णा मिस्त्री, जतचे.
"ओळंब्यात घे की," म्हणाले,
आणि पलंगाखालची पिशवी ओढली.

पितळी, टोकाशी चेपलेला.
गॅलरीच्या गजाला दोरी बांधली.
आमचं कोपरखैरण्याचं घर ओट्यापासून गजापर्यंत तेवीस फूट,
सगळं वापरलं.
पहाटे सहाला, समोरच्यांनी खिडक्या उघडायच्या आत.
वाळूच्या दोन थैल्यांत रायफल बसवून
त्यांनी तिच्यावर आपली बुडबुड्याची नळी ठेवली.
पंखा बंद. आईला म्हणाले, थोडा वेळ चालू नकोस.

दोरी थांबायला किती वेळ घेते!
खाडीचा वारा कुठून तरी आत येतोच.

मग मी स्कोप रिंगांमध्ये फिरवला, तांदळाएवढा, अजून निम्मा,
आणि काळी रेघ धूसर दोरीत शिरली, निघेना.
"आलं?"
"आलं."
"मागं काय दिसतंय?"

मागे समोरची बिल्डिंग होती, लख्ख.
तिचा कोपरा दोरीला खालपासून चिकटून वर येत होता
आणि मग उजवीकडे निघून जात होता.
मी म्हटलं, टाक्या दिसतात, कपडे.
"तिसऱ्यापासनं जातीय ती," तात्या म्हणाले.
"मुकादमाला सांगितलेलं. स्लॅबची घाई होती त्याला.
आवळ आता. समोरासमोर नको, तिरकं तिरकं.
जरा हा, जरा तो."
दोन्ही बाजूंच्या फटीत रेशनकार्डाचा कोपरा घालून पाहिला.
सारखा अडला तेव्हा माघारी गेले.

रविवारी रेंजवर पहिला छर्रा खाली डावीकडे.
दुसरा त्याच भोकाच्या काठावर. तिसराही.
हसुराम सरांनी दोन बोटं वर केली, एक उजवीकडे,
मी टिक टिक मोजत चकती फिरवली.
घड्याळाचं काम, ते सोपं.

घरी आले तर ओळंबा अजून गजालाच.
आईने टॉवेल दुसऱ्या टोकाला वाळत घातलेले.
तात्या ओट्याजवळ स्टुलावर,
एक डोळा मिटून.