सुटे

वालपाराइसोच्या टेकडीवर माणसं चढवणारी लाकडी डबी,
तिच्या खालच्या दारात मी बसतो. अठ्ठावीस वर्षं झाली.
हाताशी पितळी फिरकं, गल्ल्यात शंभर-शंभराची नाणी
आणि मांडीवर, कधी सुटलं ते कळलंच नाही, माझं पोट.

एदुविना किलोद्रान सकाळी उतरायची, संध्याकाळी चढायची.
बंदरामागच्या कारखान्यात ती गणवेशांना बाह्या लावते.
सुटे शंभर मुठीत तयार, नाणं घामानं कोमट.
"काय लुपेर्सिओ?" एवढंच बोलणं.

मार्चमधल्या एका सोमवारी आली नाही.
मंगळवारीही नाही. वाटलं, लेकीकडे गेली असेल.
बुधवारी रुळांशेजारच्या जिन्यावर निळा कोट दिसला,
कठडा धरून उभा,
चावी संपलेल्या घड्याळासारखा.

रागच आला मला. शंभर पेसोंसाठी?

नंतर कळलं. दवाखान्यातल्या कोवळ्या डॉक्टरणीनं
साखर सांगितली, वजन सांगितलं, म्हणाली, जिम लावा.
जिमची फी म्हणजे एक गॅस सिलिंडर
आणि वर पंधरा दिवसांचा पाव.
"पोटाला चिमटा काढूनच जगतेय मी," एदुविना म्हणाली,
"तरी ते चिमटीत मावेना, हे कसं?"
पोरगी हसली नाही. कागदावर लिहिलं :
पाव कमी. चालणे.

पाव कमी!
या गावात संध्याकाळचा चहा म्हणजेच पाव,
आणि जिना जातो नेमका भट्टीच्या दारावरून.
एकशे चाळिसावी पायरी.
"तीनशे बारा पायऱ्यांत चढ म्हणावा असा तेवढाच," ती सांगते,
"बाकी सगळी सपाटी."

समुद्राची वाळू तिनं दोन बाटल्यांत भरली, वजनं म्हणून.
बाजार उठताना मिळेल तो कोबी, मसुरात भोपळ्याची फोड.
शिवणाची फीत कमरेला लावून बघितली,
आकडा कुणाला सांगितला नाही.

पहिल्या आठवड्यात अकरा थांबे. मी मोजायचो.
डबी दीड मिनिटात वर, बहुतेकदा रिकामी,
आणि ही अजून मधल्या वळणावर, तोंडानं श्वास घेत.
शेजारी एक पिवळा कुत्रा,
त्याला कुणी डॉक्टरनं सांगितलं नव्हतं.

जूनपर्यंत सहा थांबे.
मग काटा अडला. पाच आठवडे, हलायचं नाव नाही.
एका संध्याकाळी ती फिरक्याशी आली,
डोळे सुजलेले, नाणं पुढे केलं.
मी घेतलं. तेच माझं काम.
डबी तिला घेऊन वर गेली आणि मला जिंकल्यासारखं वाटलं.
त्या जिंकण्यानं रात्रभर झोपू दिलं नाही.

सकाळी पुन्हा निळा कोट, जिन्यावरून उतरताना.
हुश्श म्हणालो. गल्ला माझा नाहीच, पालिकेचा आहे.

ऑगस्टात दोर बदलायला डबी आठ दिवस बंद.
वरच्या दाराची चावी माझ्याकडे, म्हणजे चढणं आलं.
बत्तिसाव्या पायरीवर गुडघे कुरकुरले,
साठाव्यावर मी आईला हाक मारली,
भट्टीपाशी बसलोच.

ती वर उभी. कोट दोन बोटं आत घेतलेला,
शिलाई स्वतःची, त्यामुळे फुकट.
"वाचवलेले सुटे एका बरणीत टाकते," म्हणाली.
"आता ती एका हातानं उचलत नाही.
घरात काहीतरी तर वजन धरायला हवं."

पावाचा वास आमच्या दोघांवरून गेला.
तिनं एक पाव घेतला, मोडला,
मोठा तुकडा कुत्र्याला दिला, लहान स्वतःला,
माझ्याकडे नुसतं बघितलं.
"उरल्या एकशे बहात्तर."

उठतो, म्हटलं. जरा दम खाऊ दे.
"खा," ती म्हणाली, "तो खाल्ला तर चालतो."