कर्मणी प्रयोग

निबंध छापून आला. नऊ पानं, चार तक्ते
आणि एक नकाशा. त्यात आमचा तालुका
नखाएवढा,
आणि सगळ्यात गडद.

आई म्हणाली, वाच.
तिला इंग्रजी येत नाही. मी वाक्य वाक्य सोडवत
आमच्या बोलीत आणत गेले.
ती गेरच्या मधोमध चुलीत शेणी सरकवत
ऐकत होती. बाहेर झावखानचा वारा
नमद्याला धडका देत होता.

तीनशे बारा रुग्ण. यकृताचा कर्करोग.
एकशे नव्व्याण्णवांच्या रक्तात कावीळ ब,
आणि ब-च्या खांद्यावर बसून आलेला ड.

"खांद्यावर बसून, असं लिहिलंयस?"
नाही गं, ते तुला कळावं म्हणून.
"मग तसंच लिहायचं."

पान सहा. या वयोगटात संसर्गाचा संभाव्य मार्ग:
बालपणीच्या लसीकरणात
सुया पुन्हा वापरल्या गेल्या.

तिचा हात थांबला.
"कुणाकडून?"

तसं लिहीत नाहीत, आई.
शास्त्रात कर्ता वगळतात.

"मी होते ना कर्ता."

मग ती बोलली, चुलीकडे बघत, एका सुरात,
जशी जुनी नोंदवही वाचावी.
चौऱ्याहत्तरचा हिवाळा. घटसर्पाची लस.
घोड्यावर पेटी, पेटीत काचेची एक पिचकारी,
तीन सुया. त्यातली एकच धड,
तीही रोज रात्री दगडावर घासून टोकदार केलेली.
स्पिरिट संपलेलं.
नियम असा, की दर मुलामागे वीस मिनिटं उकळायची.
"अडतीस मुलं. दिवस आठ तासांचा. कर हिशेब,
तू तर आकड्यांचीच आहेस."
वरून तार आलेली, शुक्रवारपर्यंत शंभर टक्के.
शंभर टक्के झाले.
पदक मिळालं. ते निळ्या खादगमध्ये गुंडाळून
पेटीच्या तळाशी आहे.

"सतरा नंबर कोण?"

पुरुष, एक्कावन्न. गाठ अकरा सेंटिमीटर.
निदानानंतर चार महिने.
एवढंच सांगता येतं.

"घोडे राखायचा का? हसला की डावा डोळा मिटायचा?
सुई घेताना रडला नव्हता.
मी त्याला मूठभर आरूल दिलं होतं."

मी सांगू शकत नाही, आई.
"नको सांगूस."
थोड्या वेळानं: "चार महिने?"
हो.

आमच्यात सख्ख्या माणसाला
एका यकृताचं माणूस म्हणतात.
लग्नात म्हणतात, भांडण मिटवताना म्हणतात,
मढ्यापाशी म्हणतात.
आई म्हणाली,
"एका सुईनं अडतीस जणांना
एका यकृताचं केलं मी."

मला म्हणायचं होतं की दोष यंत्रणेचा होता,
पुरवठ्याचा, त्या काळाचा. माझ्याकडे संदर्भ आहेत,
सत्तावन्न, शेवटच्या पानावर, क्रमवार.
मी तक्ता घडी करून ठेवला.

एक गोष्ट कुठल्याच तक्त्यात नाही.
त्या दिवशी रांगेत पहिली मी होते.
सहा वर्षांची. बाही वर करून.
इतर मुलांनी भिऊ नये म्हणून, असं ती तेव्हा म्हणाली,
आणि मी सगळं बालपण
धीट मुलगी म्हणून मिरवलं.

माझं रक्त स्वच्छ आहे. तीनदा तपासलंय.
मी तिला विचारलेलं नाही.
तिनंही कधी विषय काढलेला नाही.

"पुढच्या वेळी लिही," ती म्हणाली,
"त्सेवेलमानं वापरल्या. परिचारिका. नाव घालून."
संपादक कापतील.
"कापू देत. कापायला तरी वाचतील."

चहा उतू गेला. मीठ आणि दूध करपल्याचा वास
गेरभर झाला, चूल फसफसली.
मी कापड घेऊन उठले, तर तिनं
माझं मनगट धरलं, घट्ट, नर्सनं धरावं तसं.

राहू दे, म्हणाली.
वीस मिनिटं झाली नाहीत अजून.