खोटा अशोक

दोनशे चौदा खण आहेत आमच्या दुकानात,
भुलेश्वरला, फुलवाल्यांच्या मागच्या गल्लीत.
खणांवरच्या चिठ्ठ्या कधीच्याच गेल्या,
काही कसरीनं खाल्ल्या, काही हातांच्या घामानं.
मला चिठ्ठी लागत नसे.
खण बोटभर ओढला की नाक सांगायचं
हा वेखंड, हा कचोरा, ही जटामांसी,
आणि हा नागरमोथा,
ज्याला आमच्या वेंगुर्ल्याकडच्या तळ्याचा चिखल
अजून धरून बसलाय.

मग तो ताप आला.
चौदा दिवसांनी गेला,
जाताना नाक घेऊन गेला.

रतनशीभाईंना मी बोललो नाही.
एकतीस वर्षं त्यांनी मला मिरवलं,
बाहेरगावचे वैद्य चहाला टेकले की
"हे आमचं नाक, धुरी."
नाकाचा पगार खाणाऱ्यानं
नाक गेलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

मग मी बोटांवर आणि कानांवर धंदा चालवला.
ज्येष्ठमध मोडताना सुतासुतानं सुटतो.
हिरडा पाण्यात टाकायचा, बुडला तर घ्यायचा.
शतावरी चिमटीत दाबायची, वय कळतं.
आणि रोज सकाळी, शटर अर्धं वर करून,
वेखंडाच्या खणात तोंड घालून
लांब श्वास ओढायचा.
काही नाही.
भिंत हुंगल्यासारखं.

दिवाळीनंतर अशोकसालीचं पोतं आलं.
वजन बरोबर, रंग बरोबर, बिल बरोबर.
वरून हात फिरवला नि म्हटलं, उतरवा.

वरळी कोळीवाड्याच्या हिरुबाई नेतात ती साल,
धाकट्या लेकीच्या अंगावर जातं म्हणून.
दोन महिन्यांनी पायरीवरूनच म्हणाल्या,
"धुरीभाव, या टायमाला गुण नाय आला."
मी म्हटलं, पथ्य पाळत नसेल पोरगी.
म्हटलं मी असं.

गुरुवारी आरेच्या पाड्यातून बुधी आली,
डोक्यावर गुळवेलीचा भारा.
ही निंबावरची, ही आंब्यावरची, वेगवेगळी बांधलेली;
ज्यावर चढते त्याचा गुण घेते, म्हणते ती.
मी पैसे मोजेपर्यंत तिनं सहज
पोत्यातला एक तुकडा उचलला, चावला,
आणि गटारात थुंकली.
"आसुपालव हाय ह्यो."

खरं सांगायचं तर
अशोकाच्या सालीला वास असा नसतोच.
नाक शाबूत असतं तरी कळलं नसतं.
जिभेवर ठेवायची असते ती, तुरट लागते,
गाल आतून ओढून धरते.
हे मला माहीत होतं.
जीभ होती माझ्याकडे.
गेलेल्या नाकाचं सुतक धरून
मी असलेली जीभ वापरली नाही.

रतनशीभाईंना सगळं सांगितलं, उभ्यानं.
ते वही लिहीत राहिले.
"वर्ष झालं, धुरी," म्हणाले,
"वेखंड कुटताना तुला शिंक आली नाही.
वाटलं, तू सांगशील."
एवढंच. पोतं परत गेलं.

अस्सल साल घेऊन मीच गेलो वरळीला,
वर जुने पैसे.
हिरुबाई सुकटीवरचे कावळे हाकत होत्या.
साल घेतली. पैशाला हात लावला नाही.
"पैसं नको," म्हणाल्या, "पोरीचं दोन म्हयनं दे."
दारात ती पोरगी उभी होती,
माझ्याकडे न बघता.

विक्रोळीला आमच्या सोसायटीच्या गेटवर
दोन आसुपालव आहेत, वॉचमनसारखे ताठ.
सगळे त्यांना अशोकच म्हणतात,
बिल्डरनं बिल्डिंगचं नावही तेच ठेवलंय.
त्या रात्री किल्लीनं एकाची ढलपी काढली
आणि जिभेवर धरली, बराच वेळ.
वॉचमन म्हणाला, काका, काय करताय?

झाडाचा काय दोष.
ते कधी म्हणालं होतं, मी अशोक आहे?